सेव्हरल्सच्या छायाचित्रांबद्दल सिस्टरना आभारपत्र

आदरणीय सिस्टर यांस,
सादर नमस्कार.

शहापुरातील तुमच्या गल्लीत लहानथोर सारे तुम्हाला सिस्टर म्हणतात, म्हणून मीही तोच मायना लिहीत आहे. १० ऑक्टोबरच्या जागतिक मानसिक आरोग्य दिनानिमित्त खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात जे प्रदर्शन भरले, ते तुम्ही जिथे परिचारिका होतात त्या सेव्हरल्स मनोरुग्णालयाच्या तुमच्या अल्बमवाचून उभेच राहिले नसते. तुम्ही स्वतःचे नाव लावू दिले नाही, आणि पाहायला आलेले लोक मात्र "हे फोटो कुणाचे?" असे विचारत राहिले, तेव्हा निदान आभार तरी उघडपणे मानावेत असे वाटले.

खरे सांगायचे तर तुमच्या दारात मी वेगळीच अपेक्षा घेऊन आले होते. ओस पडलेल्या वेड्यांच्या इस्पितळांची छायाचित्रे मोबाइलवर पुष्कळ दिसतात. पोपडे निघालेल्या भिंती, उलटलेल्या खाटा आणि सोबत भुताखेतांच्या गोष्टी. इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात, कोलचेस्टर येथे असलेले सेव्हरल्स रुग्णालय १९१३ मध्ये सुरू झाले, १९९७ मध्ये बंद झाले आणि पुढे कित्येक वर्षे रिकामे पडून राहिले, एवढेच मी वाचून आले होते. तुम्ही अल्बम उघडलात, पहिल्या छायाचित्रावर बोट ठेवलेत आणि म्हणालात, "हा कॉरिडॉर. नाइट ड्यूटीला या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाय भरून यायचे की गं." सुमारे तीनशे एकरांचा परिसर, पुरुषांची बाजू वेगळी, बायकांची वेगळी, आणि पावसात न भिजता एका वॉर्डातून दुसऱ्यात जाता यावे म्हणून बांधलेल्या त्या लांबच लांब वाटा, हे सारे त्यानंतर मला तुमच्या पायांच्या हिशेबाने कळत गेले.

अल्बमच्या मधल्या पानावरची जोडी मी प्रदर्शनात अगदी दाराशी लावली होती. डावीकडे तुम्ही १९७० मध्ये काढलेली खिडकी आणि तिच्याखालचे छोटे लाकडी लॉकर. त्यावर एक कंगवा, बिस्किटांचा डबा आणि अर्धवट विणलेला मोजा. उजवीकडे रुग्णालय बंद झाल्यावर तुमच्या जुन्या सहकारी बाईंनी जाऊन काढलेली तीच खिडकी. लॉकर नाही, पण जमिनीवरच्या लिनोलियमवर त्याच्या चार पायांचे खळगे तसेच आहेत. ते खळगे तुम्ही दाखवले नसते तर माझ्या ध्यानातही आले नसते.

त्या लॉकरमागची हकिकत तुम्ही सांगितलीत ती मी तक्त्यावर लिहून काढली. १९६० पासून तेथे प्रमुख असलेले डॉ. रसेल बार्टन हे विद्यार्थिदशेत, १९४५ मध्ये, जर्मनीतील बेल्सेनच्या नाझी छळछावणीत सुटका झालेल्यांच्या शुश्रूषेसाठी गेले होते. वर्षानुवर्षे वॉर्डात राहिलेल्या माणसांची उदासीनता, खाली घातलेली मान आणि हरवलेली इच्छा यांतला मोठा भाग मूळ आजाराचा नसून सक्तीच्या रिकामपणाचा, बाहेरच्या जगाशी तुटलेल्या संबंधाचा आणि स्वतःच्या मालकीची एकही वस्तू न उरल्याचा परिणाम असतो, असे त्यांनी १९५९ मध्येच मांडले होते. तक्त्यावरचे हे वाक्य लांबले खरे. पण लोक थबकले ते त्याखाली लिहिलेल्या तुमच्या एका ओळीपाशी, की स्वतःचा कंगवा मिळाल्यावर एक आजी तो कितीतरी रात्री उशीखाली घेऊन झोपत असत.

पाण्याच्या मनोऱ्याच्या छायाचित्राखाली १९६१ मधील आरोग्यमंत्री इनॉक पॉवेल यांच्या भाषणाचा उल्लेख केला होता. असे मनोरे मिरवणारी ही अवाढव्य इस्पितळे आता जायला हवीत आणि पंधरा वर्षांत मनोरुग्णांसाठी निम्म्याच खाटा पुरतील, असे ते म्हणाले होते. प्रत्यक्षात सेव्हरल्स बंद व्हायला त्यानंतर छत्तीस वर्षे लागली.

आपल्याकडे कुणी जरा विचित्र वागले की "याला धारवाडला धाडा" असे सहज बोलले जाते. तेथील मनोरुग्णालय मुंबई इलाख्याच्या काळातले, १८४५ चे, आणि ती संस्था आजही रुग्णांवर उपचार करते, हे वाचून बऱ्याच जणांना नवल वाटले. शेजारच्या गावातील एक वयस्क शेतकरी लॉकरच्या जोडीपुढे बराच वेळ उभे होते. त्यांचे थोरले भाऊ फार वर्षांपूर्वी एका इस्पितळात होते. "आम्ही त्याला भेटायला जायचो तेव्हा केळी न्यायचो. ती तो ठेवत कुठे असेल, हे कधी मनातच आलं नाही," असे म्हणून ते टोपी सारखी करत बाहेर पडले. तुम्हाला हे कळवायलाच हवे होते.

आणखी एका गोष्टीबद्दल आभार. रुग्णांचे चेहरे स्पष्ट दिसणारी चार छायाचित्रे तुम्ही अल्बममधून काढून घेतलीत आणि "त्यांना विचारता येत नाही, मग दाखवायची कशी?" एवढेच म्हणालात. त्या क्षणी मी थोडी हिरमुसले होते. भिंतीवर छायाचित्रे लावताना मात्र इतर कुणाच्या अल्बममधले चेहरे मीही उतरवून ठेवले.

अल्बम येत्या रविवारी मी स्वतः घेऊन येत आहे, सोबत कुंदाही आणीन. दोन छायाचित्रांचे कोपरे सुटले आहेत. ते चिकटवायला माझा हात धजला नाही, तेवढे तुमच्यासमोर बसून करू.

तुमची कृतज्ञ,
वाचनालयातील एक कार्यकर्ती