दाता घरातच मिळाला. आता शंभर दिवसांची सोय हवी

सदाशिव पेठेतील नागरिकांस व मंडळाच्या हितचिंतकांस सविनय आवाहन.

बार्शी तालुक्यातील एका शेतमजूर कुटुंबातील सात वर्षांच्या मुलावर पुण्यात रक्ताच्या कर्करोगाचे उपचार सुरू आहेत. लहान मुलांत नेहमी आढळणारा ल्युकेमिया बहुतेक वेळा केमोथेरपीनेच बरा होतो. या मुलाचा आजार मात्र उलटला आणि डॉक्टरांनी मूळपेशी प्रत्यारोपणाचा, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या निरोगी पेशी दात्याकडून घेऊन त्याला देण्याचा, निर्णय घेतला. सख्ख्या भावंडाशी एचएलए (पेशींवरील आनुवंशिक ओळखखुणा, ज्यांवरून दाता ठरतो) पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. याच्या अकरा वर्षांच्या बहिणीचा जुळला. (दोघांचे रक्तगट वेगळे आहेत, पण त्याने अडत नाही, हे आम्हांलाही नव्यानेच कळले.) भूल देऊन कमरेच्या हाडातून काढलेली मज्जा (हाडातील मऊ गर, त्यातच या मूळपेशी असतात) काही आठवड्यांत पुन्हा भरून येते, हे ऐकल्यावर तिने एवढेच विचारले, की शाळा किती दिवस बुडेल.

हा प्रयोग तर नव्हे ना, अशी शंका काही सभासदांनी काढली. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात असे प्रत्यारोपण १९८३ सालीच झाले असून, तेव्हाही एका मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली होती.

प्रत्यारोपणानंतर सुमारे शंभर दिवस प्रतिकारशक्ती अगदी क्षीण असते, त्यामुळे रुग्णालयातून सोडल्यावरही मुलाला रुग्णालयाजवळच राहावे लागते. त्यासाठी एक खोली हवी आहे: स्वतंत्र शौचालय असलेली, भिंतींना ओल नसलेली, गॅलरीत कबुतरे न बसणारी आणि शेजारी बांधकाम चालू नसलेली, कारण बुरशीचा संसर्ग अशा मुलांच्या जिवावर बेततो. पेठांत ही शेवटची अट किती अवघड आहे, हे आम्ही जाणतो.

दुसरी गरज प्लेटलेट्सची, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या रक्तकणिकांची. त्या जेमतेम पाच दिवस टिकतात, म्हणून साठा करून ठेवता येत नाही; शिवाय प्रत्यारोपणापूर्वी जवळच्या नातेवाइकांचे रक्त देणे टाळतात. बोलावल्या दिवशी दीड-दोन तास देऊ शकतील, अशा दात्यांनी रक्तगटासह नाव नोंदवावे आणि आधीचे तीन दिवस अ‍ॅस्पिरिन घेऊ नये.

शासकीय साहाय्य आणि यंदा मंडळाने देखाव्यातून वाचवलेली रक्कम धरूनही खर्चात चार लाख रुपये कमी पडतात. धनादेश थेट रुग्णालयाच्या नावे काढून मागील बाजूस मुलाचा रुग्ण क्रमांक लिहावा. हा क्रमांक मंडळाच्या कार्यालयात सायंकाळी सात ते नऊ या वेळेत मिळेल. रोख रक्कम स्वीकारली जाणार नाही. मुलाचे छायाचित्र आम्ही मुद्दाम छापलेले नाही. ते कोणी मागूही नये.