तडे ब्लॉकमुळे नाही, कामामुळे जातात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हल्ली जो तो म्हणतो एएसी ब्लॉक (विटेऐवजी वापरतात ते हलके, सच्छिद्र ठोकळे) घेऊ नका, भिंतीला तडे जातात. साइटवरच काम करतो म्हणून लिहावंसं वाटलं.

फ्लाय अॅश, सिमेंट, चुना, जिप्सम आणि चिमूटभर अॅल्युमिनियम पावडर, एवढाच माल असतो. पावडरमुळे हायड्रोजन सुटतो, मिश्रण इडलीच्या पिठासारखं फुगतं, मग तारेने कापून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या बंद टाकीत, साधारण १८०-१९० डिग्रीला वाफेच्या दाबाखाली ठेवतात. घनमीटरला ५५० ते ६५० किलो भरतं, लाल वीट त्याच्या जवळपास तिप्पट. डेड लोड, म्हणजे इमारतीचं स्वतःचं वजन, कमी होतो हे खरंच, पण डिझाइन विटेचं आणि बांधकाम ब्लॉकचं केलं तर सळईत बचत कुठली होणार!

आता तड्यांचं. आमचे गवंडी विटेवर हात बसलेले, त्यामुळे ब्लॉकपण टाकीत बुडवून काढतात, वर अर्धा-पाऊण इंच सिमेंट-वाळूचा माल थापतात. ब्लॉक स्पंजासारखा पाणी पितो आणि वाळताना आकसतो, मग प्लास्टरवर बरोबर सांध्यांच्या रेषेत जिन्यासारखी चीर दिसते. पावसात उघड्यावर पडलेला ओला ब्लॉक तसाच लावला तरी तेच. खरं तर ब्लॉकवर नुसतं पाणी शिंपडायचं, दोन-तीन मिमी अॅडेसिव्ह लावायचं, कॉलम-बीमच्या सांध्यावर चिकन मेश (बारीक तारेची जाळी) मारायची, चार इंची भिंतीत मधे आरसीसी पट्टा द्यायचा आणि एका दिवसात भिंत स्लॅबपर्यंत न्यायची नाही. इलेक्ट्रिशियन छिन्नी-हातोडा घेऊन झिरी मारतो तेव्हा तर बघवत नाही, कटर वापरा की राव.

दुसरं म्हणजे सीएलसी ब्लॉक. तो फेस मिसळून करतात, ऑटोक्लेव्ह नाही, पाणी मारून नीट पिकू द्यावा लागतो. कच्चाच माल गाडीत भरून एएसी म्हणून खपवणारे आहेत. दिसायला सारखाच, गिऱ्हाईकाला काय कळणार.

आयएस २१८५ भाग ३ या भारतीय मानकात वर सांगितलेल्या घनतेच्या ग्रेड १ एएसी ब्लॉकला दाब सोसायची ताकद ४ न्यूटन प्रति चौरस मिमी लागते. सप्लायरकडे टेस्ट रिपोर्ट मागा, देत नसेल तर गाडी उतरवूच नका.

- एक साइट सुपरवायझर, नाशिक