नागपूरच्या आधीची भूमी गावशिवेवर शिल्लक आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नागपूरच्या इतिहासावरील लेखन बहुधा गोंड राजा बख्त बुलंद शाहाने १७०२ च्या सुमारास बारा खेडी एकत्र करून शहर वसवले, येथून सुरू होते. त्या खेड्यांभोवती काय होते, असे कोणी विचारलेच तर ‘घनदाट अरण्य’ हे ठरीव उत्तर मिळते. मला ते पटत नाही. दख्खनचा काळा पाषाण पूर्वेकडे जिथे संपतो, त्या कडेवर नागपूर वसले आहे. सीताबर्डीची टेकडी त्याच पाषाणाची, तर शहराच्या पूर्वेला त्याहून कितीतरी जुने खडक लागतात. अशा टेकड्यांच्या मुरमाड माथ्यावर विरळ झाडी व कुसळी गवत आणि खाली ओढ्याकाठच्या काळ्या मातीत मोह, बेहडा, जांभूळ, असेच ते रान असावे.

हे केवळ कल्पनेने रंगवायचे कारण नाही. आमच्या कुही-उमरेड भागात गावशिवेवर झुडपी जंगल अजून आहे. पळस, टेंभुर्णी, बोर, हिवर, मधून गवताची मोकळी पट्टी, आणि त्यात रोही (नीलगाय), ससे, तितर. परक्याला ती पडीक जमीन वाटते. गुराख्याला मात्र कोणते गवत कधी तयार होते हे ठाऊक असते. महसुली दप्तरातील ‘झुडपी जंगल’ हा जमिनीचा वर्ग पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांतला, आणि नोंदीप्रमाणे नागपुरातील अनेक वस्त्या व सरकारी इमारतीही अशाच जमिनीवर उभ्या आहेत. शहराखाली काय होते याचा पुरावा इतका जवळ, तलाठ्याच्या दप्तरात असावा, याची मौज वाटते.

सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी झुडपी जंगल हे वनच असल्याचा निर्वाळा देताना १२ डिसेंबर १९९६ पूर्वीच्या वापराला नियमित होण्याचा मार्ग ठेवला. जे बांधून झाले त्याबद्दल माझी तक्रार नाही. नाग नदीचे मात्र सांगितले पाहिजे. लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांत उगम पावून, अंबाझरी तलाव व शहर ओलांडून ती कन्हानला मिळते, आणि आम्ही तिच्या खालच्या अंगाला राहत असल्याने शहराचे सांडपाणी आमच्या शिवारातून गोसेखुर्दच्या जलाशयाकडे जाताना रोज पाहतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा शहरालाही ही नदी आठवली.

वन विभागाला विनंती अशी की, झुडपी जंगलात वृक्षारोपणाचे खड्डे खणण्यापूर्वी ग्रामसभा व गुराख्यांना सोबत घेऊन तेथील गवत, झुडपे व ओहळ यांची गावनिहाय नोंद करावी, आणि तिची प्रत नागपूर महापालिकेस द्यावी, म्हणजे शहरातील टेकड्यांवर व नाल्यांच्या काठी शोभेची विदेशी झाडे लावण्याऐवजी या मातीतली झाडे लावता येतील.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. कुही, जि. नागपूर