हळद-मिठाने पारा निघत नाही

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला मासे खाण्याविषयीचा लेख वाचून एक दिवस थांबले, राग शमेल म्हणून. शमला नाही. ‘मासे दोन-तीन पाण्यांनी धुऊन, हळद-मीठ चोळून नीट शिजवले की रसायनांची भीती राहत नाही’ हे वाक्य तुम्ही चौकटीत, ठळक अक्षरांत छापलंत. माझ्या मुलीने ती चौकट कापून फ्रिजवर लावली. तिला सातवा लागलाय, बाळंतपणाला माहेरी आली आहे. म्हणून हे पत्र.

हळद-मिठाने हिवस वास जातो, शिजवल्याने जंतू मरतात, एवढंच. पाऱ्याचं तसं नाही. खाडीच्या चिखलातले जिवाणू त्याचं मिथिल पाऱ्यात, म्हणजे आणखी विषारी रूपात, रूपांतर करतात आणि तो माशाच्या मांसातल्या प्रथिनांनाच चिकटतो. उकडा, तळा, तो तिथेच. डीडीटीसारखी कीटकनाशकं आणि विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात वापरली जाणारी पीसीबी रसायनं चरबीत साठतात. कातडी आणि चरबी काढून टाकली तर थोडी कमी तरी होतात. पीफास, म्हणजे न चिकटणाऱ्या तव्यांच्या लेपासारख्या गोष्टींसाठी वापरलेली, वर्षानुवर्षं न विरणारी रसायनं, मात्र रक्तात, यकृतात बसतात आणि चुलीवरच्या आचेने तुटत नाहीत. ही सगळी रसायनं आईच्या वारेतून बाळापर्यंत पोचतात. जपानात मिनामाताला १९५६ साली माशांतल्या पाऱ्यामुळे होणारा रोग उघडकीस आला, तेव्हा कित्येक आयांना स्वतःला फारसा त्रास नव्हता आणि त्यांची मुलं मात्र जन्मतःच अपंग होती. लेख लिहिणाऱ्या डॉक्टरांना हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. मग ते लिहिलं का नाही?

माझं माहेर दाभोळ खाडीच्या काठचं. सुकतीला आई गुडघाभर चिखलात उतरून तिसऱ्या काढायची, आम्ही टोपली धरून मागे. बाजारात ‘खाडीचं हाय, खाडीचं!’ असं ओरडलं की भाव जास्त मिळायचा. परवा मासेवालीकडे बसले, तर मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, “वहिनी, खाडीचं नाय हां, हर्णैचं हाय. निर्धास्त न्या.” हे सांगताना तिने नजर खाली केली. तिच्या घरातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या खाडीतच जाळी टाकत आली आहेत.

गेल्या महिन्यात अर्धा किलो तिसऱ्या बर्फात घालून, स्टीलच्या डब्यातून मी एका सरकारी प्रयोगशाळेत घेऊन गेले. दोन एसट्या बदलल्या. खिडकीतल्या माणसाने डबा उघडूनही पाहिला नाही. “जंतू तपासून देऊ, रसायनांचं इथे होत नाही,” म्हणाला. मग विचारलं, “निर्यातीचा माल आहे का?” मी म्हटलं, नाही, आमच्या घरी खायचा आहे. त्याने डबा परत सरकवला. बर्फाचं पाणी झालं होतं, ते पिशवीतून साडीवर गळत राहिलं आणि मी तशीच स्टँडवर बसले. परदेशी जाणाऱ्या कोलंबीचा नमुना घेतात, कारण घेणारा देश माल परत पाठवतो. आमच्या ताटातला मासा परत कोण पाठवणार?

खाडीत मेलेले मासे तरंगले की तुमचा वार्ताहर फोटो घेऊन जातो, चार दिवस बातम्या येतात. मेलेला मासा कोणी खात नाही हो. जो जिवंत राहतो, धडधाकट दिसतो आणि बाजारात येतो, त्याच्यात काय आहे ते पाहायला हवं.

इटलीत त्रिस्सिनो गावचा पीफास बनवणारा कारखाना २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाला. तिथल्या लाखो लोकांचं पाणी नासलं आणि जून २०२५ मध्ये विचेंझाच्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा सुनावली. त्याच कारखान्याची यंत्रं आपल्या लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत आली. लोट्याचं सांडपाणी नळातून करंबवणे खाडीत, म्हणजे आमच्या दाभोळ खाडीच्याच वरच्या भागात जातं. युरोपने १ जानेवारी २०२३ पासून मासे आणि शिंपल्यांमधल्या पीफासला मर्यादा घातली आहे. इथे खाडीतल्या तिसऱ्या, बोय, चिंबोऱ्या दर हंगामात तपासा आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, एवढंच मागणं आहे. अमुक मासा महिन्यातून किती वेळा चालेल आणि गरोदर बायांनी कोणता टाळावा, हे कळलं तर मासेही खाता येतील आणि मासेवालीला खोटंही बोलावं लागणार नाही. सगळे मासे सोडा असं मी मुळीच म्हणत नाही. तसं झालं तर पहिला घाला भोयांच्याच पोटावर पडेल.

आणखी एक. गेल्या वर्षी याच विषयावरचं माझं पत्र तुम्ही छापलंत, पण खाडीचं नाव गाळून ‘एका खाडीत’ असं केलंत. या वेळी दाभोळ खाडी हे नाव जसंच्या तसं राहू द्या. आणि त्या चौकटीची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच जागी, तेवढ्याच अक्षरांत छापा. मुलीच्या फ्रिजवरची चौकट मी काढलेली नाही. तिच्या शेजारी दुसरी लावायची आहे.

— एक वाचक, चिपळूण