जंबोचा उंचवटा आणि चार इंजिनांचा हिशेब

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जंबो जेटवर, म्हणजेच बोइंग ७४७ या विमानावर, आलेला सचित्र लेख आमच्या गावच्या वाचनालयात बऱ्याच हातांतून फिरला. लेख रंजक आहे आणि छायाचित्रे देखणी आहेत; परंतु गोल जिना, वरच्या मजल्यावरची मद्यपानाची बैठक आणि एअर इंडियाच्या महाराजाची खातिरदारी यांत तो इतका रमला, की हे विमान असेच का घडले या प्रश्नाला त्यात जागाच उरली नाही. शिवाय विमानाच्या डोक्यावरचा उंचवटा श्रीमंत प्रवाशांच्या बैठकीसाठी काढला गेला, हे त्यातले विधान कार्यकारणभाव उलटा लावणारे आहे. एस.टी.च्या कार्यशाळेत हयात घालवलेल्या माणसाला असली बाब स्वस्थ बसू देत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

१९६५ च्या सुमारास पॅन अ‍ॅम या अमेरिकी विमान कंपनीचे प्रमुख हुआन ट्रिप यांना आधीच्या बोइंग ७०७ या विमानाच्या जवळपास अडीचपट प्रवासी नेणारे विमान हवे होते. त्याच वर्षी अमेरिकी हवाई दलाच्या महाकाय मालवाहू विमानाची स्पर्धा बोइंगने लॉकहीड या कंपनीपुढे गमावली होती. ७४७ च्या रचनेची जबाबदारी जो सटर या अभियंत्याकडे आली, तेव्हा सर्वांच्या डोक्यात एकावर एक असे दोन पूर्ण मजले असलेले विमान होते. सटर यांच्या चमूने ती कल्पना बाजूला सारली, कारण आणीबाणीत वरच्या मजल्यावरची माणसे झटपट खाली कशी उतरवायची आणि माल कसा चढवायचा, या दोन्ही प्रश्नांना त्यात धड उत्तर नव्हते. त्यांनी उंचीऐवजी रुंदी वाढवली आणि सुमारे वीस फूट रुंदीचा, मधून दोन वाटा असलेला कक्ष आखला. ही रुंदीही हौसेने ठरलेली नाही. आठ फुटी मालपेट्या शेजारी शेजारी दोन बसाव्यात, या हिशेबाने ती आली.

प्रवासी विमानात मालपेट्यांचा विचार कशासाठी, असे कोणी विचारील. त्या काळी लांब पल्ल्याचा प्रवासी लवकरच ध्वनीपेक्षा वेगवान विमानांकडे वळणार, अशी विमान उद्योगाची ठाम समजूत होती. इंग्रज-फ्रेंचांचे काँकॉर्ड तयार होत होते आणि खुद्द बोइंगही तसले एक विमान आखत होती. तसे झाले, तर ७४७ ला उरलेले आयुष्य माल वाहण्यातच काढावे लागणार होते. लांबलचक माल थेट समोरून आत सरकवायचा, तर विमानाचे नाक वर उचलता यायला हवे, आणि नाक उचलायचे तर वैमानिकांची खोली त्याच्या वाटेतून काढून वर न्यायला हवी. ती वर नेल्यावर तिच्या मागचा भाग एकदम खाली पाडला असता, तर वाऱ्याचा अडथळा वाढला असता, म्हणून तो उतरता होत मागे नेला गेला. त्यातून जी पोकळी निर्माण झाली, तिच्यात ती बैठक बसवली गेली. पुढे १९७१ मध्ये अमेरिकी संसदेने पैसा नाकारल्याने बोइंगचे अतिवेगवान विमान कागदावरच राहिले आणि काँकॉर्डही एकूण वीसच तयार झाले. प्रवासी जंबोकडेच राहिला.

एप्रिल १९६६ मध्ये पॅन अ‍ॅमने पंचवीस विमानांची मागणी नोंदवली आणि ३० सप्टेंबर १९६८ रोजी पहिले विमान लोकांसमोर आले, म्हणजे अडीच वर्षेही लागली नाहीत. दरम्यान वॉशिंग्टन राज्यातील एव्हरेट येथे ज्या इमारतीत ते बांधायचे होते, ती इमारतच उभी राहत होती. एका विमानात साठ लाखांच्या आसपास भाग असतात आणि त्यांतले निम्मे रिव्हेट, बोल्ट असे जोडणीचे असतात. ९ फेब्रुवारी १९६९ रोजी चाचणी वैमानिक जॅक वॉडेल यांनी ते प्रथम आकाशात नेले.

मला खरा रस आहे तो इंजिनात. जुन्या जेट इंजिनात आत शिरणारी बहुतेक हवा तप्त गाभ्यातूनच जाई आणि प्रचंड वेगाने मागे फेकली जाई, त्यामुळे इंधनही जास्त लागे आणि आवाजही फार होई. ७४७ साठी प्रॅट अँड व्हिटनीने केलेल्या जेटी ९ डी या इंजिनाच्या तोंडाशी जवळपास आठ फूट व्यासाचा पंखा होता आणि त्याने ओढलेल्या हवेपैकी एक भाग गाभ्यात, तर सुमारे पाच भाग गाभ्याच्या बाहेरून मागे जात. पुष्कळ हवा बेताच्या वेगाने ढकलली, तर कमी इंधनात तेवढाच रेटा मिळतो, हे तत्त्व आज प्रत्येक प्रवासी जेटमध्ये वापरले जाते. परंतु एवढ्या मोठ्या प्रवासी विमानावर ते प्रथम येथे आले आणि त्याची किंमतही येथेच मोजावी लागली. पंखाखाली टांगलेल्या इंजिनाचा रेटा ज्या ठिकाणी विमानाकडे पोचत असे, तेथे त्याचे कवच वाकून गोलाचा लंबगोल होई. जुन्या डिझेल इंजिनाच्या सिलिंडरचे भोक (बोअर) ओव्हल झाले की ते एका अंगाला घासते आणि दुसऱ्या अंगाला कॉम्प्रेशन सोडते, हे आमच्या धंद्यातल्या पोराटोरालाही ठाऊक आहे. येथेही पात्यांची टोके एका बाजूला कवचाला घासत, दुसऱ्या बाजूच्या फटीतून हवा निसटे आणि इंधनाचा खर्च वाढे. शेवटी वाय आकाराची चौकट बसवून रेटा एका ऐवजी दोन ठिकाणी विभागला, तेव्हा कवच गोल राहू लागले. तोवर एव्हरेटच्या मैदानावर तयार विमाने इंजिनांवाचून उभी होती आणि तोल राहावा म्हणून त्यांच्या पंखांना काँक्रीटचे ठोकळे टांगलेले होते. न्यूयॉर्क ते लंडन ही पहिली प्रवासी फेरी २२ जानेवारी १९७० रोजी निघाली, तीही एक इंजिन तापल्याने विमान बदलून आणि कित्येक तास उशिराने.

उड्डाणाच्या वेळी सुमारे सव्वातीनशे टन भरणारे हे विमान त्या काळच्याच धावपट्ट्यांवर उतरवायचे होते. वेगासाठी पंख ३७.५ अंश मागे झुकवलेले होते, आणि असा पंख संथ गतीत चांगले उचलत नाही. त्यावर उपाय म्हणून पंखाच्या मागच्या कडेला तीन तुकड्यांच्या सरकत्या झडपा बसवल्या गेल्या. उतरताना त्या मागे आणि खाली पसरल्या की पंखाचे क्षेत्रफळ सुमारे एक पंचमांशाने वाढते आणि उचल जवळपास दुप्पट होते. खाली नाकाजवळ दोन आणि पोटाखाली चार पायांवर प्रत्येकी चार, अशी एकूण अठरा चाके आहेत. पोटाखालचे हे पाय चार का, तर भार विभागला जावा आणि त्यांतले दोन निकामी झाले तरी विमान उतरवता यावे. पंखांवरच्या आणि शेपटीवरच्या हलत्या भागांना बळ देणाऱ्या हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, यंत्रणाही चार आहेत.

ही चौपट खबरदारी लवकरच कामी आली. ३० जुलै १९७१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून उडताना पॅन अ‍ॅमचे एक जंबो धावपट्टीपुढच्या दिव्यांच्या सांगाड्यावर आदळले, चारपैकी तीन हायड्रॉलिक यंत्रणा बाद झाल्या आणि उरलेल्या एकीवर वैमानिकांनी ते परत आणून उतरवले. कोणाचाही जीव गेला नाही. मात्र चार हा आकडा म्हणजे हमी नव्हे. १२ ऑगस्ट १९८५ रोजी जपान एअरलाइन्सच्या विमानाची शेपटीजवळची, आतल्या हवेचा दाब पेलणारी दाबभिंत फुटली आणि चारही यंत्रणांच्या नळ्या एकदमच तुटल्या, कारण शेपटीत त्या जवळजवळ होत्या. ५२० माणसे गेली. मूळ कारण सात वर्षांपूर्वीच्या दुरुस्तीत होते. जोडपट्टी अखंड घालण्याऐवजी तुकड्यांत घातली गेली होती, त्यामुळे रिव्हेटांच्या दोन ओळींचा भार एकाच ओळीवर आला होता. त्यानंतर चौथ्या यंत्रणेतले तेल निसटू नये म्हणून तीत झडप बसवण्यात आली. जंबोवरच्या कोणत्याही लेखात बैठकीच्या गालिच्याआधी ही जोडपट्टी यायला हवी, असे माझे मत आहे.

आपल्या देशात पहिले जंबो, ‘एम्परर अशोक’, १८ एप्रिल १९७१ रोजी मुंबईत उतरले. खिडक्यांभोवती रंगवलेल्या झरोक्यांचे लेखात कौतुक आहे, ते रास्तच आहे. पण हेच विमान १ जानेवारी १९७८ च्या रात्री वांद्र्याजवळच्या समुद्रात पडून २१३ जण दगावले, याचा त्यात उल्लेखही नाही. कप्तानासमोरच्या क्षितिजदर्शक यंत्राने दगा दिला आणि अंधाऱ्या समुद्रावर त्याला विमानाचा खरा कल उमगला नाही, असे चौकशीत निष्पन्न झाले होते.

जंबो ‘म्हातारे झाले म्हणून’ बंद पडले, हे लेखातले वाक्यही अपुरे आहे. आमच्या भागात हरभऱ्याच्या जागलीला वावरात बसणाऱ्यांना याचे उत्तर वर पाहून मिळू शकते. युरोप आणि आग्नेय आशिया यांच्यामधली पुष्कळ विमाने नागपूरच्या हवाई नियंत्रणाच्या हद्दीतून जातात. थंडीतल्या स्वच्छ पहाटे पूर्वी एखाद्या विमानामागे चार पांढऱ्या रेघा उमटत आणि थोड्या अंतरावर त्या जोडीजोडीने मिसळून दोन होत. आता बहुतेक विमानांमागे सुरुवातीपासूनच दोन रेघा असतात. दोन इंजिनांच्या विमानाने एका इंजिनावर साठ मिनिटांत गाठता येईल अशा विमानतळापलीकडे जाऊ नये, असा अमेरिकेत नियम होता, म्हणून महासागरावर तीन किंवा चार इंजिनांना पर्याय नव्हता. इंजिने भरवशाची होत गेली तशी ही मर्यादा १९८५ मध्ये १२० आणि १९८८ मध्ये १८० मिनिटांवर गेली. पहिल्या जंबोच्या एका इंजिनाचा रेटा सुमारे ४३,५०० पौंड होता, तर बोइंग ७७७ च्या मोठ्या इंजिनाचा सुमारे १,१५,००० पौंड आहे. म्हणजे आजची दोन इंजिने त्या चारांपेक्षा जास्त जोर लावतात आणि देखभालीला निम्मीच असतात. ज्या मोठ्या पंख्याने जंबो शक्य केले, त्यानेच पुढे वाढून त्याची गरज संपवली. जंबोपेक्षा मोठे आणि पूर्ण दोन मजली असे चार इंजिनी एअरबस ए ३८० चे उत्पादन तर त्याच्याही आधी, २०२१ मध्येच बंद पडले.

७४७ चे १,५७४ वे आणि अखेरचे विमान ३१ जानेवारी २०२३ रोजी एका मालवाहू कंपनीकडे गेले. एअर इंडियाचे शेवटचे जंबो एप्रिल २०२४ मध्ये पंख हलवून मुंबईचा निरोप घेऊन गेले. मालवाहू जंबो मात्र अजून उडत आहेत आणि लांब यंत्रे किंवा नळकांडी समोरून आत घालायची वेळ आली, की त्यांचे उघडणारे नाक आजही कामाला येते.

जंबोची जागा घेणाऱ्या दोन इंजिनी विमानांशी विदर्भाचे नाते लेखापेक्षा बरेच जवळचे आहे. नागपूरच्या मिहान या औद्योगिक प्रकल्पात बोइंगने उभारलेले विमान देखभाल केंद्र आहे, आणि तेथेच टाटा समूहातील एका कारखान्याने बोइंग ७८७ च्या फरशीखालच्या कार्बन तंतूंच्या तुळया बनवल्या आहेत. आमच्या तालुक्यातील आयटीआयची मुले वाचनालयात तुमचा अंक पाहायला येतात आणि त्यांना या कामात शिरायचे आहे. तेव्हा उंचवट्याच्या कारणाची दुरुस्ती तर छापावीच. शिवाय पंखाच्या तिहेरी झडपा, अठरा चाकांची मांडणी आणि जेटी ९ डी चा उभा छेद, अशी तीन रेखाचित्रे मराठी नावांसह एखाद्या रविवारी पूर्ण पानावर द्यावीत. कळावे.

आपला,
एस.टी. कार्यशाळेतील एक निवृत्त कारागीर,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ