शिलाई मशीनसोबत फिंगर गार्ड पण द्या

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या परभणी भागात आता घरोघरी शिलाई मशीनला मोटार लागली, लग्नसराईत बाया रात्री उशिरापर्यंत ब्लाऊज शिवत बसतात अन् लाईट गेली आली की पायडलवर पाय तसाच असतो, मशीन एकदम पळतं आन सुई सरळ नखातून आरपार. पायाच्या मशीनवर चाक हाताने धरून थांबवता तरी येतं, मोटार तेवढा वेळच देत नाही. वर हळद दाबून चिंधी बांधायची की परत काम चालू, हे लई वाईट आहे. सुईचं टोक तुटून आत राहिलं तर वरून दिसत पण नाही, त्यासाठी एक्स-रेच काढावा लागतो, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन आधी घेतलेलं आहे का ते डॉक्टरला सांगायलाच पाहिजे. दोरा ओवताना, सुई बदलताना बटण बंद करून पाय बाजूला, एवढं तरी शिकवा. पीएम विश्वकर्मा योजनेत शिंप्यांना अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते, ट्रेनिंग पण असतं, मग त्यातच फिंगर गार्ड, म्हणजे बोट सुईखाली जाऊ नये म्हणून सुईपुढं लावायची आड, का देत नाहीत? ते काही महाग नसतं. बचत गटांच्या शिवण क्लासमध्ये पण हे पहिल्याच दिवशी दाखवावं.

— एक शिवणकाम करणारी, जि. परभणी