सूचना : २१ सप्टेंबर, शांतता दिनाच्या पोस्टबद्दल

मित्रमैत्रिणींनो,

२१ सप्टेंबरला आंतरराष्ट्रीय शांतता दिन आहे. यंदा कबुतरांची चित्रं फॉरवर्ड करायची नाहीत. प्रत्येकाने आपल्या बोलीत, अहिराणी असो की मालवणी, एका मिनिटाचा व्हिडिओ करायचा आहे. विषय एकच : अफवा आली तर काय करायचं.

१ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते ते, मंगळवेढ्याकडचे. मला ते अजून विसरता येत नाही. त्या वर्षी देशभर फिरलेली, मूल पळवून नेतानाची एक क्लिप तर कराचीतल्या जनजागृतीच्या चित्रफितीचा तुकडा होती; मूल परत आणून देतात तो शेवटच कापलेला!

व्हिडिओत एवढं जरूर सांगा : व्हॉट्सअ‍ॅप मेसेजवर दुहेरी बाण दिसला, की तो बऱ्याच हातांतून आलाय, आधी थांबा. घरच्या ग्रुपवर काका-मावशींना चारचौघांत खोटं पाडू नका, फोन करून सांगा. जमाव जमतोय असं दिसलं तर शूटिंग नको, ११२ लावा. जखमींची दृश्यं अजिबात वापरायची नाहीत.

व्हिडिओ १८ तारखेपर्यंत याच ग्रुपवर टाका. एडिटिंग जमत नसेल त्यांनी रविवारी संध्याकाळी ६ वाजता वाचनालयात यावं, मी तिथे आहे.